चारशे बारा निघाले होते

पुस्तक कसं निवडावं हे लोकांना कळत नाही, असं माझं मत आहे. राणीसावरगावच्या एका छोट्या वाचनालयात मी बावीस वर्षं ग्रंथपाल आहे, त्यामुळे असलं मत मला परवडतं. निवृत्त मंडळी जाड पुस्तक नेतात, म्हणजे पुन्हा लवकर यायला नको. परीक्षेची तयारी करणारी पोरं आधी शेजारच्याने काय नेलंय ते विचारतात आणि तेच मागतात. आमचे अध्यक्ष पुस्तक हातात घेऊन नुसतं तोलून बघतात आणि 'चांगलं आहे' म्हणून खाली ठेवतात.

मला स्वतःला अवकाशातल्या लढायांची पुस्तकं आवडतात. परक्या ग्रहावर उतरलेली पलटण, संपत आलेली हवा, डोंगरामागे शत्रू आणि नकाशावर बोट ठेवून उभा असलेला सेनापती. मी आयुष्यात एनसीसीची टोपीसुद्धा घातलेली नाही. तरी अशी लढाई वाचायला घेतली की माझा चहा निवतो आणि विजयमाला, म्हणजे आमची मंडळी, हाका मारून बेजार होते. अध्यक्षांना हा सगळा पोरखेळ वाटतो. म्हणून दरवर्षीच्या खरेदीत शेतीच्या आणि अध्यात्माच्या गठ्ठ्यात मी असं एखादं पुस्तक सरकवून देतो. अशी चौदा जमली होती.

या चौदांना माझ्याशिवाय दोनच वाचक होते, रायभान आणि त्याची बायको कासाबाई. त्यांची शंभर-सव्वाशे मेंढरं. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोडीवर लादून ते पालमच्या बाजूला निघतात, तिथून मानवतकडे सरकतात. शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात, दोन-चार दिवस मुक्काम होतो, मग पुढचं रान. परत यायला ज्येष्ठ उजाडतो. रायभान सातवीपर्यंत शिकलेला. कासाबाईने शाळेचं तोंड बघितलेलं नाही. दुपारी मेंढरं सावलीला बसली की तो मोठ्याने वाचतो आणि ती ऐकते. पुस्तक निवडायचं काम मात्र तिचं.

पहिल्यांदा ती काउंटरवर आली, तेव्हा मी तिच्यासमोर चार पुस्तकं मांडली. तिने चित्रांकडे बघितलंसुद्धा नाही.

"मास्तर, ह्याच्यात किती निघाले?" मी कधी कुणाला शिकवलेलं नाही, पण गावात पुस्तकाजवळ बसणारा तो मास्तर.

"कुठे निघाले?"

"लढायला. किती निघाले अन् किती माघारी आले? अन् मदी पानी कुठं पिले?"

मी म्हणालो, ते काही माझ्या लक्षात नाही. ती म्हणाली, "वाचलंय म्हनता अन् ध्यानात न्हाई?" आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसली. मला तिथल्या तिथे चारही पुस्तकं चाळावी लागली. एकात पाणी सापडलं, ते तिने नेलं. त्या दिवसापासून खरेदीची यादी करताना मीसुद्धा गुपचूप तेच बघायला लागलो. विज्ञान राहिलं बाजूला.

तिला सिनेमाचं वावडं होतं. रायभानच्या मोबाइलवर असल्या लढायांचे सिनेमे असायचे, आणि मोबाइल चार्ज करायला घोडीच्या पाठीवर सोलरची पाटी बांधलेली. त्या सिनेमांत यानं फुटतात, आगी लागतात, कान बसतात. रायभान खूश. कासाबाई दहा मिनिटांत पाठ फिरवायची. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "शिनुमात मरनाऱ्याला नाव नसतंय. नुसतेच पडायलेत. कुनाचे हायेत तेबी कळत न्हाई." ही तक्रार मी आजवर एकाही समीक्षकाकडून ऐकलेली नाही.

आता माझं गुपित सांगतो. मी स्वतः एक कादंबरी लिहिली होती. सहा वर्षं, पहाटे, वह्यांमध्ये. नाव 'शनीवरची सतरावी पलटण'. शनीला पाय ठेवायला जमीनच नसते, हे मला चौथ्या वर्षी एका दहावीच्या पोरीने सांगितलं, मग मी सगळी लढाई उचलून शनीच्या एका चंद्रावर नेली. नाव तेच ठेवलं. चारशे बारा शिपाई आणि वर सेनापती रणविजय, एवढे लोक पृथ्वीवरून निघतात, लढतात, जिंकून येतात. शेवटच्या प्रकरणात त्यांचा सत्कार. तो सत्कार अकरा पानांचा होता. हार, फटाके, भाषणं, सेनापतीच्या डोळ्यांत पाणी. खरं सांगायचं तर तो सत्कार मी माझाच लिहिला होता. माझ्या नावाचं एक पुस्तक माझ्याच वाचनालयाच्या कपाटात उभं असावं, एवढी एकच इच्छा घेऊन मी पन्नाशीला आलो होतो.

वह्या मी गंगाखेडला बांधून घेतल्या. झेरॉक्स काढली नाही, कारण झेरॉक्सवाला नागेश प्रत्येक कागद वाचतो आणि गावभर करतो. मग बांधलेल्या वहीतच लाल पेनाने दुरुस्त्या केल्या. सगळं झाल्यावर मला चैन पडेना. हे चांगलं आहे की नाही, हे कुणी सांगावं? विजयमालाने चार पानं वाचून 'अक्षर छान आहे' म्हटलं. अध्यक्षांनी हातात तोलून बघितलं असतं. ही असली पुस्तकं ज्यांना कळतात अशी पंचक्रोशीत दोनच माणसं, आणि ती दिवाळीनंतर निघायच्या तयारीत होती.

मग मी पहिल्या पानावर वाचनालयाचा शिक्का मारला, दाखल क्रमांक टाकला आणि लेखक म्हणून 'मेजर आर. पी.' असं लिहिलं. माझं नाव रामप्रसाद, त्यामुळे आर. पी. खोटं नव्हतं. मेजर होतं.

"नवं आलंय," मी म्हणालो. "हातानं लिहिलेलं आहे. जपून वापरा."

कासाबाईने नेहमीचे प्रश्न विचारले. मी फाडफाड उत्तरं दिली. पाण्याचं तर विचारूच नका, खास तिच्यासाठी मी गुहेत ठेवलेल्या पाण्याच्या टाक्यांचं तीन पानांचं वर्णन घातलं होतं. ती थोडी चकित झाली. पुस्तक पंधरा दिवसांच्या बोलीवर गेलं, आणि त्यांचे पंधरा दिवस ज्येष्ठात संपतात हे मला माहीत होतं.

माघात परभणीच्या एका प्रकाशकाचा फोन आला. मी त्यांना दोन वर्षांपूर्वी पत्र लिहिलं होतं ते त्यांना आता सापडलं होतं. विज्ञानकथांची सहा पुस्तकं एकदम काढायची आहेत, पाच ठरलीत, बुधवारपर्यंत हस्तलिखित हातात पाहिजे, नाहीतर सहावं दुसऱ्याचं. तो दिवस सोमवार होता. मी हो म्हणालो, फोन ठेवला आणि लगेच रायभानला लावला. आभाळ आलेलं असल्याने रायभानचा मोबाइल बंद होता.

मंगळवारी पहाटेच्या एसटीने पालम गाठलं. तिथून पुढे विचारत विचारत निघालो. "मेंढरं? परवा आमच्याकडंच बसली होती, आता त्या ओढ्याच्या वरल्या अंगाला." अशी तीन रानं झाली. रस्ता चुकण्याचा प्रश्न नव्हता, कारण मेंढरं जिथे बसतात तिथे खूण राहतेच, आणि माझ्या चपलांना ती चांगलीच लागली. नऊच्या सुमाराला कापसाच्या पऱ्हाट्या उपटलेल्या एका रानात ते दिसले. जाळीचं कुंपण गुंडाळून झालेलं, घोडीवर भांडी, पाटी, टोपलीत कोंबडी, झोळीत दोन कोकरं. निघायची सगळी तयारी. मी देवाचे आभार मानले.

"रायभान, ते शनीवरचं पुस्तक द्या. तातडीचं काम आहे."

रायभानने माझ्याकडे बघितलं, मग घोडीकडे, मग बायकोकडे. कासाबाई पुस्तक पदराखाली धरून एका दगडावर बसली होती. वेष्टनावर तेलाचा एक गोल डाग होता.

"हे काय झालं?"

"शनीचं नाव हाय त्याच्यावर," रायभान म्हणाला. "दर शनिवारी तेलाचं बोट लावायलाव. उगं कशाला नसती बला."

मी राग गिळला. सहा वर्षांच्या कामावर कुणी तेल ओतलं तर माणसाला काय वाटतं ते मी इथे लिहीत नाही. "ठीक आहे. द्या."

"देत न्हाई," कासाबाई म्हणाली. "एक मानूस कमी हाय."

मला वाटलं, त्यांच्या घरातलं कुणी हरवलं. मी घाबरून विचारलं, कोण? ती म्हणाली, "भागवत."

"कोण भागवत?"

"बघा," ती नवऱ्याला म्हणाली, "ह्यांनाबी ठावं न्हाई."

मग रायभानने सांगितलं. माझ्या कादंबरीत, चौथ्या प्रकरणात, पाण्याच्या त्या गुहेच्या तोंडावर सेनापती रणविजय एका शिपायाला पहाऱ्यावर उभं करतो. त्याचं नाव भागवत. 'मी सांगेपर्यंत इथून हलायचं नाही,' असं सेनापती त्याला बजावतो आणि पुढे लढाईला निघून जातो. त्यानंतर दोनशे सत्तर पानांत भागवतचं नाव नाही. त्याला हलायला कुणीच सांगितलं नाही. पलटण जिंकली, यानात बसली, घरी आली. कासाबाईच्या हे शेवटी लक्षात आलं. मग रायभानने सगळं पुस्तक दुसऱ्यांदा वाचलं, चुकून आपल्याकडूनच एखादं पान सुटलं असेल म्हणून. त्यात एकोणीस दुपारी गेल्या.

मी मनातल्या मनात पानं उलटली. खरंच नव्हता. पण हे मान्य करायला माझी जीभ वळेना.

"असं कसं? आकडा बरोबर आहे. चारशे बारा निघाले, ब्याऐंशी पडले, राहिले तीनशे तीस. परत येताना अकरा यानं, एकेकात तीस जागा. तीनशे तीस. एकही जागा रिकामी नाही. मी स्वतः मोजून लिहिलंय."

बोललो आणि मग मला ते ऐकू आलं. रायभानने हातातली काठी खाली ठेवली.

"तुमी लिवलंय?"

मी होकारार्थी मान हलवली. सहा वर्षं या क्षणाची वाट बघत होतो. कुणीतरी आ वासेल, कुणीतरी हात जोडेल, असं काहीसं डोक्यात होतं. कासाबाई म्हणाली, "मंग बेस झालं. दुसऱ्याला खबर धाडायची गरज न्हाई. आना त्याला."

"अहो, पण आकडा..."

"आकडा बरोबर हाय. शिपाई तीनशे तीस राहिले, खरंय. मंग सेनापती कशात बसला?"

सेनापती पहिल्या यानात बसला होता, खिडकीजवळ. चारशे बारात तो मी धरलेलाच नव्हता.

"भागवतच्या जागी सेनापती बसून आला," कासाबाई म्हणाली. "ज्यानं उभं केलं त्यानंच जागा घेतली."

मी घड्याळ बघितलं. मी समजावून बघितलं. परभणीचं सांगितलं, बुधवारचं सांगितलं, सहावं पुस्तक दुसऱ्याचं होईल हे सांगितलं. रायभान विरघळला, पण ती हलेना. यांच्यात एक रीत आहे. सकाळी निघताना मोजणी होते, आणि एक जरी कमी भरलं तरी कळप उठत नाही. हरवलेलं सापडेपर्यंत किंवा मेलेलं दिसेपर्यंत सगळे बसून राहतात. आज मेंढरं पूर्ण भरली होती, कोंबडीसुद्धा हजर होती. तरी कळप बसून होता. पुढच्या रानाचा मालक सटवाजी वाट बघत होता. रायभानच्या मोबाइलमध्ये जेमतेम जीव आला होता, तेवढ्यात सटवाजीचा फोन आला, तेव्हा रायभान त्याला म्हणाला, "मानूस राहिलंय मागं. आलं की निघतो."

माझं डोकं फिरलं. "अहो बाई, तो खरा नाही. मी त्याला असाच लिहिलाय, मनानं."

"बाकीचे खरे हायेत का?" तिने विचारलं. "त्यांना बरं आनलं."

या प्रश्नाचा मला अजून राग येतो. मी खिशातून लाल पेन काढलं, पुस्तक मागितलं. ते तिने दिलं, पण समोर बसून राहिली. बांधावरच्या बाभळीखाली बसून मी दोन ओळी लिहिल्या आणि वाचून दाखवल्या. शिपाई भागवत कर्तव्य बजावताना शहीद झाला.

"कुनी पायलं?"

"कुणी नाही. एकटाच होता."

"मंग मेला कशावरून? आमच्यात दुसऱ्याचं मेंढरू राखायला घेतलं अन् ते मेलं, तर कातडं न्हेऊन दावावं लागतंय. नुसतं तोंडानं मेलं म्हनलेलं चालत न्हाई."

माझ्याकडे भागवतचं काहीच नव्हतं. त्याचा चेहरासुद्धा मी लिहिलेला नव्हता. मी त्या दोन ओळी खोडल्या. मग शत्रूचं एक दयाळू यान आणलं, ते त्याला उचलून नेतं. कासाबाई म्हणाली, म्हणजे चोरीला गेला. तेही खोडलं. रायभानने मला एक भाकरी आणि मिरचीचा ठेचा दिला. खाता खाता मला कळलं की मार्ग एकच आहे, आणि तो मला अजिबात नको होता. ज्याने त्याला उभं केलं त्यानेच परत जायला पाहिजे. म्हणजे पृथ्वी दिसायला लागल्यावर सेनापतीने दोघांपुरतं छोटं यान घेऊन एकट्याने मागे वळायचं. म्हणजे तो सत्काराला असणार नाही. म्हणजे सत्कारच नाही. अकरा पानं.

मी ती पानं एकदा वाचली. भाषणं खरंच चांगली होती. मग एकेका पानावर आडवी रेघ मारत गेलो, आणि मला तेव्हा जे वाटलं ते दुःखच होतं, उगाच दुसरं नाव देत नाही. उलट्या बाजूच्या कोऱ्या जागेत मी लिहायला लागलो. सेनापती एकटा परत जातो. गुहा शोधायला त्याला वेळ लागतो, कारण ती त्याच्याही लक्षात राहिलेली नसते. भागवत तिथेच उभा असतो. दाढी वाढलेली, बंदूक गंजलेली. तो सेनापतीला ओळखत नाही आणि परवलीचा शब्द विचारतो. सेनापतीला तो शब्द आठवत नाही.  मग सेनापती म्हणतो, 'शब्द मी विसरलो. तुलाही विसरलो होतो. चल.' आणि भागवत म्हणतो, 'टाक्या भरलेल्या आहेत, साहेब. मोजून घ्या.'

हे मी मोठ्याने वाचून दाखवलं. दरम्यान सटवाजी तावातावाने मोटरसायकलवरून आला होता, तोही खाली बसला होता. कासाबाईने विचारलं, "येताना यानात दोघं बसतील ना?" मी म्हणालो, दोन जागा आहेत. ती उठली, घोडीचा दोर सोडला, आणि अर्ध्या मिनिटात अख्खा कळप चालायला लागला. चांगलं झालं की वाईट झालं, ती एक शब्द बोलली नाही.

बुधवारी अकरा वाजता मी परभणीत प्रकाशकांच्या टेबलासमोर होतो. त्यांनी तेलाच्या डागाकडे बघितलं, मग वाचायला लागले. मधलं चाळलं, शेवटचं नीट वाचलं. मग खोडलेली पानं उजेडाला धरून तीही वाचली.

"हा सत्कार का खोडलात? उत्तम आहे. समारंभात वाचून दाखवता येईल. हाच शेवट ठेवू. हे पहारेकऱ्याचं मात्र काढून टाका, उगाच लांबतं. एवढं केलंत तर सहावं पुस्तक तुमचं."

"ते काढलं तर एक माणूस कमी होतो," मी म्हणालो.

"चारशे बारांत एक? कोण मोजतंय, रामप्रसादराव?"

आयुष्यभर वाट बघितलेलं पुस्तक समोर होतं, फक्त मान हलवायची होती. मी हात पुढे केला आणि वही परत मागितली. त्यांना वाटलं मी तिथेच बसून दुरुस्ती करणार. मी पिशवीत घातली आणि नमस्कार करून निघालो. जिना उतरून रस्त्यावर आलो. मी काय करून बसलो, विजयमालाला काय सांगू, अध्यक्षांना हे कळलं तर ते किती हसतील, सगळं एकदम डोक्यात आलं.

एसटी स्टँडवर गंगाखेडच्या गाडीला तासभर होता. ऊन पडलं होतं, म्हणजे रायभानच्या मोबाइलला चार्जिंग असणार. मी फोन लावला. कासाबाईने उचलला. मी झालं ते सांगितलं. त्यांना भागवत नको होता, म्हणून मी पुस्तकच दिलं नाही, आता ते छापणार नाहीत.

पलीकडे मेंढरं ओरडत होती. 

"मास्तर," ती म्हणाली, "चैतात पोरीचं लगीन काढलंय. दोगांनाबी आठ दिस गावाकडं जावं लागंल. मेंढरं कुनाच्या हवाली करावी म्हून रायभान घोर करायलाय. मी म्हनलं, मास्तराला इचारू."

मी हो म्हणालो. मला मेंढरं राखता येत नाहीत, हे सांगायचं राहून गेलं, कारण तोवर मी त्या स्टँडवरच्या बाकावर सगळ्यांदेखत रडत होतो.